पहिल्या इंजेक्शनआधी विचारायचा प्रश्न

वडिलांच्या बायोप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग निघतो. डॉक्टर म्हणतात, ‘एक ट्रायल सुरू आहे, विचार करून सांगा.’ घरी येताच कोणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे बाबांवर प्रयोग करणार!’

ही भीती आकाशातून पडलेली नाही. आपल्याकडे चाचण्यांत गैरप्रकार झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३पासून नियम कडक होत गेले. २०१९च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. सही केली म्हणजे अडकलो, हेही खरं नाही. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवले जात नाहीत.

‘निम्म्या लोकांना नुसती साखरेची गोळी देतात,’ हे तर हमखास ऐकू येतं. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत काय झालं ते पाहा. अ‍ॅबिराटेरॉन हे औषध तपासताना तिथल्या सुमारे १९०० पुरुषांपैकी प्रत्येकाला प्रचलित हार्मोन उपचार मिळाला आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला नवं औषध. तीन वर्षांनी जोडऔषधाच्या गटात ८३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ७६ टक्के. चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी होते, कारण कोणता उपचार सरस हे तोवर खरोखरच कोणाला माहीत नसतं. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, असलाच, तरी तो बहुधा चालू उपचारात भर म्हणून असतो, आणि संमतिपत्रात तसं लिहिलेलं असतं.

नवं म्हणजे चांगलंच, हा उलटा गैरसमजही तितकाच घातक. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेट कर्करोग टळतो का, हे अमेरिका-कॅनडात ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर तपासलं गेलं. २०११मध्ये दिसलं ते असं, की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत धोका १७ टक्क्यांनी वाढला होता. चाचणी झाली नसती तर ती गोळी आजही ‘निरुपद्रवी’ म्हणून खपली असती.

चाचणीत नेहमी नवं औषधच असतं असंही नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांना घेऊन एकच प्रश्न विचारला गेला: किरणोपचार फक्त प्रोस्टेटला द्यावेत की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही? पाच वर्षांनी पीएसए (कर्करोगावर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात सुमारे ८१ टक्के होते, दुसऱ्यात ९५. आयुर्मान मात्र वाढलेलं दिसलं नाही आणि दुसऱ्या गटात लघवीचे त्रास पुढे काहीसे जास्त राहिले. प्रामाणिक उत्तर असंच येतं, फायदा-तोटा दोन्ही दाखवणारं. परळच्या रुग्णांनी दिलेलं हे उत्तर जगभरच्या डॉक्टरांना वाचायला मिळालं, याचं मला फार मोल वाटतं.

सगळ्यात नुकसान करतो तो ‘ट्रायल म्हणजे शेवटचा उपाय’ हा समज. कित्येक चाचण्या नुकतंच निदान झालेल्यांसाठीच असतात. हार्मोनचं इंजेक्शन सुरू होऊन काही महिने उलटले की त्यातल्या काहींचं दार बंद होतं. म्हणून ‘माझ्यासाठी एखादी ट्रायल आहे का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. अर्थात लक्षणं तातडीची असतील, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असेल, तर थांबू नका, उपचार आधी.

शोधायचं कुठे? भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, २००७पासून सर्वांसाठी खुली आहे. कोणती चाचणी कुठल्या रुग्णालयात चालू आहे, कोणाला घेतात, कोणाला नाही आणि कोणाशी बोलायचं, हे प्रत्येक नोंदीत असतं. फक्त ‘रुग्णभरती सुरू’ आहे ना, ते बघा. नोंद आहे म्हणजे सरकारने औषधाची हमी दिली, असा अर्थ काढू नका.

खर्चाचं आधीच स्पष्ट करून घ्या: कोणत्या तपासण्या मोफत, कोणत्या आपल्या खिशातून, गावाहून येण्याजाण्याचे पैसे मिळतात का. जाताना तारखांसह पीएसएचे सगळे रिपोर्ट, बायोप्सीतला ग्लिसन स्कोअर, स्कॅनच्या सीडी आणि झालेल्या इंजेक्शनांच्या नोंदी एका फायलीत न्या. घरी एखादा काढा किंवा जडीबुटीच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्याही पुड्या-बाटल्यांसकट दाखवा.