बी.एड.ची कार्यसंचिका : काय ठेवावे, कसे ठेवावे

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आम्ही बसतो. बँकेच्या नोकरीमुळे इतर दिवशी जमत नाही. येणारी मुले बहुतांशी स्पर्धा परीक्षांची असतात. परंतु अलीकडे बी.एड. करणाऱ्या मुलामुलींची, विशेषतः मुलींची, संख्या वाढली आहे. त्यांच्याकडून एकच प्रश्न वारंवार येतो, "काका, कॉलेजात पोर्टफोलिओ करायला सांगितलाय. त्यात नक्की काय घालायचं?"

आम्ही शिक्षक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि तेथेच रमलो. तरीही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आमच्या पुतणीचे बी.एड. आमच्याच घरी राहून झाले आणि तिची संचिका आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तयार होताना पाहिली. दुसरे म्हणजे नोंद आणि पुरावा हा तर आमचा रोजचाच व्यवसाय आहे.

कार्यसंचिका म्हणजे काय?

पोर्टफोलिओला मराठीत कार्यसंचिका म्हणतात. चित्रकार नवीन कामासाठी जाताना आपली निवडक चित्रे एका मोठ्या फायलीत घालून नेतो. 'मी चांगला चित्रकार आहे' असे तो तोंडाने सांगत बसत नाही. शिक्षकाची संचिका त्याच जातीची आहे. मी काय शिकवले, मुले त्यातून काय शिकली आणि मुलांकडून मी काय शिकलो, या तीन गोष्टींचा निवडक पुरावा म्हणजे कार्यसंचिका.

येथे 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक विद्यार्थी दोन वर्षांतील प्रत्येक कागद त्यात कोंबतात. मग संचिका जाडजूड होते, पण कोणी वाचत नाही.

ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांची पारख केवळ लेखी परीक्षेने न करता त्यांच्या वर्गातील कामाच्या पुराव्यांवरून करता येईल का, याचा अभ्यास केला. त्यामागील विचार मात्र आणखी जुना आहे. अनुभव घेतला म्हणजे शिकणे झाले असे नव्हे, त्या अनुभवावर विचार केला पाहिजे, हे जॉन ड्यूई यांनी १९१० साली 'हाउ वी थिंक' या ग्रंथात मांडले. हेच ते ड्यूई, ज्यांच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले.

आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. त्यात शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी, म्हणजे आंतरवासितेसाठी, किमान २० आठवडे ठरविण्यात आले : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पूर्वी सराव पाठ मोजून घेतले की काम संपत असे. वीस आठवडे शाळेत काढल्यावर नुसती पाठांची संख्या सांगून भागत नाही. त्या काळात काय घडले, हे दाखवावे लागते. म्हणून संचिकेला महत्त्व आले.

काय ठेवावे?

प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात. त्या प्रथम लिहून घ्याव्यात. सर्वसाधारणपणे पुढील गोष्टी असाव्यात.

१) आपली भूमिका : मी शिक्षक का होत आहे, मूल कसे शिकते असे मला वाटते, याविषयी एक पान. हे पहिल्या महिन्यात लिहावे आणि दोन वर्षांनी पुन्हा लिहावे. दोन्ही पाने ठेवावीत. पहिल्या पानावर बहुधा 'शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे' यासारखी वाक्ये असतात. दुसऱ्या पानावर खरी मुले दिसू लागली तर प्रशिक्षण झाले असे समजावे.

२) पाठ टाचणे : सगळी नकोत. चार किंवा पाच पुरेत. त्यांत एक बरा जमलेला, एक फसलेला आणि एक सुधारून पुन्हा घेतलेला पाठ असावा. सूक्ष्म अध्यापनाचा एखादा नमुनाही जोडावा.

३) निरीक्षकांचे अभिप्राय : मार्गदर्शक प्राध्यापकांनी आणि शाळेतील शिक्षकांनी लिहिलेले शेरे मूळ स्वरूपात ठेवावेत. प्रतिकूल शेरे काढून टाकू नयेत. त्याखाली आपण पुढच्या पाठात काय बदलले, ते दोन ओळींत लिहावे.

४) विद्यार्थ्यांचे काम : एकाच मुलाचे घटकाच्या आधीचे आणि नंतरचे लेखन किंवा गणिते शेजारी शेजारी लावावीत. मुलाचे नाव झाकावे. छायाचित्र लावायचे असल्यास मुख्याध्यापकांची व पालकांची परवानगी घ्यावी.

५) मूल्यमापन : घटक चाचणीचा संविधान तक्ता, प्रश्नपत्रिका आणि निकालाचे विश्लेषण. सरासरी काढून थांबू नये. कोणत्या प्रश्नात किती मुले चुकली आणि का चुकली, ते पाहावे.

६) कृतिसंशोधन : प्रश्न लहान घ्यावा. 'ग्रामीण शिक्षणाच्या समस्या' असा विषय घेतल्यास हाती काहीच लागत नाही. 'सहावी ब मधील मुले जोडाक्षरे कोठे चुकतात' हा विषय पुरेसा आहे.

७) आत्मचिंतन : रोजनिशीतील निवडक पाने.

प्रमाणपत्रे व गुणपत्रके सर्वांत शेवटी लावावीत.

विद्यार्थ्याच्या कामाला आम्ही इतके महत्त्व का देतो, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत काय शिकवले जात होते, याचा एक बोलका पुरावा त्या शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने लिहिलेला निबंध हा आहे. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. त्या मुलीची वही कोणी जपली नसती, तर त्या शिकवण्याची खूण आपल्यापर्यंत कशी आली असती?

सरळव्याजाचा फसलेला पाठ

आता पुतणीच्या संचिकेतील चार पानांविषयी. तिची आंतरवासिता आपल्याच तालुक्यातील एका शाळेत होती. मुले यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, शेतमजुरांची. सातवीच्या वर्गात तिने सरळव्याज शिकवले. सूत्र फळ्यावर लिहिले, मुलांनी पाठ केले. आठवड्याने चाचणी घेतली. प्रश्न साधा होता : ५,००० रुपयांचे द.सा.द.शे. १० दराने २ वर्षांचे सरळव्याज किती? उत्तर १,००० रुपये. ३६ पैकी १४ मुलांनी लिहिले, १२,००० रुपये.

चौदा वह्यांत एकच चुकीचे उत्तर पाहून तिला वाटले, पोरांनी एकमेकांचे पाहून लिहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने सर्वांना रागावले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, शेकडा दहा म्हंजे म्हैन्याला न्हवं?"

संध्याकाळी घरी येऊन तिने आम्हाला हे सांगितले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मुलांनी कॉपी केली नव्हती. त्यांच्या घरात व्याजाचा दर महिन्यालाच बोलला जातो. बचत गटात शेकडा दोन रुपये म्हणजे महिन्याला दोन, सावकाराकडे शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच. मुलांनी शेकडा दहाने महिन्याचे ५०० रुपये धरले आणि २४ महिन्यांनी गुणले. त्यांचा गुणाकार अचूक होता. 'दर साल' हे शब्द त्यांच्या जगात नव्हते आणि ते समजावून सांगायचे आमच्या पुतणीकडून राहून गेले होते.

तिने पाठ पुन्हा घेतला. या खेपेस सूत्र बाजूला ठेवून एका बचत गटाच्या कर्जाची नोंद फळ्यावर मांडली. शेजारी आम्ही दिलेल्या आकड्यांवरून बँकेच्या कर्जाची नोंद मांडली. महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस, हे मुलांनी स्वतः काढले. ५,००० रुपयांवर दोन वर्षांत बचत गटाच्या दराने २,४०० रुपये, आणि शेकडा पाचच्या सावकारी दराने ६,००० रुपये, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त! त्यानंतरच्या चाचणीत त्या चौदांपैकी अकरा मुले बरोबर आली. तीन तरीही चुकली.

संचिका लावताना पुतणीने हा सगळा प्रकार वगळायचे ठरवले होते. तिचे म्हणणे, "काका, मी पोरांना विनाकारण बोलले. हे परीक्षकांना कशाला दाखवू?" आम्ही तिला बँकेतील गोष्ट सांगितली. दिवसअखेर रोख जुळली नाही, तर आम्ही पान फाडत नाही. चूक कोठे झाली ते शोधतो, दुरुस्तीची नोंद करतो आणि खाली सही करतो. खाडाखोड केलेले पान संशयास्पद ठरते, दुरुस्ती केलेले पान विश्वासाचे ठरते.

तिने दोन्ही पाठांची टाचणे, दोन्ही चाचण्यांचे निकाल, मुलांवर रागावल्याची कबुली आणि न समजलेल्या तीन मुलांविषयीचा अर्धा पान मजकूर असे सर्व लावले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बाकीची पाने चाळली आणि या चार पानांवर थांबून तिच्याशी बराच वेळ बोलले.

चिंतन कसे लिहावे?

'पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला' हे चिंतन नव्हे. चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. काय घडले? मला तसे का वाटते? त्याचा पुरावा काय? पुढच्या वेळी मी काय वेगळे करीन? तिसरा प्रश्न सोडू नये. आमच्याकडे व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. तुमच्याकडेही 'मुलांना आवडले' असे लिहिल्यास कशावरून, ते दाखवता आले पाहिजे.

याबाबत आपल्या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. शिक्षक घडविण्याच्या कामात आयुष्य वेचलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले आणि वर्गातील अनुभव ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे 'शिक्षण देता-घेता' हे पुस्तक बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी अवश्य मिळवून वाचावे. पुस्तकाचे नावच सांगते की शिकवणाराही काही घेत असतो.

तयार फायलींविषयी

एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या फायली विकत मिळतात, तयार टाचणांच्या झेरॉक्स मिळतात आणि आता तर मोबाईलवर क्षणात हवा तो मजकूर तयार होतो. वेळ कमी असतो, घरची कामे असतात, काही मुली सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात नोकरी करतात. त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. पण आमच्या पाहण्यातील एका मुलीने अशी फाईल मुलाखतीला नेली. समोरच्यांनी तिच्याच फायलीतील एका पाठाविषयी विचारले, "ही कविता शिकवताना मुलं कुठं अडली?" तिला उत्तर देता आले नाही. ती मुलगी हुशार होती, वर्गात उत्तम शिकवत होती. तिने जे केले होते ते फायलीत नव्हते आणि फायलीत जे होते ते तिने केले नव्हते.

आपल्या घरांतील बहुतेक मुले शिक्षणात पहिल्या-दुसऱ्या पिढीची आहेत. आपल्याविषयी दोन शब्द सांगणारा ओळखीचा माणूस आपल्याला सहसा नसतो. अशा वेळी स्वतःचे खरे काम कागदावर असणे ही आपली गरज आहे. तीच गोष्ट उसनी आणली, तर आपल्यापाशी दुसरे काय उरते?

वेळापत्रक आणि उपयोग

संचिका शेवटच्या आठवड्यात करू नये. एक साधी खोकी-फाईल घेऊन पहिल्या दिवसापासून कागद तारीख घालून त्यात टाकावेत. रोज रात्री दहा मिनिटे रोजनिशी लिहावी. महिन्यातून एकदा निवड करावी. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फक्त क्रम लावणे आणि अनुक्रमणिका करणे एवढेच उरावे. सजावटीवर पैसे खर्च करू नयेत. स्वच्छ अक्षर आणि पानांना क्रमांक पुरेत. मोबाईलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, कारण कॉलेजात जमा केलेली फाईल परत मिळेलच असे नाही.

खोटी आशा मात्र कोणी धरू नये. शासनाची भरती शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी यांतून जाते. तेथे संचिका कोणी विचारत नाही. खासगी संस्थांच्या मुलाखतीत तिचा उपयोग होतो. पुढे एम.एड. करणाऱ्यास संशोधनाचा विषय बहुधा तिच्यातच सापडतो. आणि नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी, वर्ग हाताबाहेर जातो तेव्हा, स्वतःचीच जुनी पाने वाचण्याचा फार आधार होतो, असे पुतणी सांगते.

ती सध्या एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते आणि पुढच्या चाचणीची तयारी करते. गेल्या महिन्यात तिने सातवीला सरळव्याज शिकवले. पहिलाच प्रश्न मुलांना विचारला, "तुमच्या घरात शेकडा दोन म्हणजे महिन्याला की वर्षाला?"

ज्यांना संचिकेचा नमुना पाहायचा असेल, त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. पुतणीच्या परवानगीने ती चार पाने आम्ही तेथे ठेवली आहेत. पाहण्यासाठी आहेत, उतरवून घेण्यासाठी नव्हेत.