घरच्या मजुरीचा हिशेब

बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आला की मांजरसुंबा लागते. येथून एक वाट पाटोद्याकडे फुटते, दुसरी केजकडे. दसरा उलटला की या चौफुलीवरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या जाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी आणि लहान मुले असतात. पुढे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांचा पट्टा असतो. बीड जिल्ह्याला हा देखावा नवा नाही. तथापि गाडीत बसण्यापूर्वी त्या त्या घरात जो विचार झालेला असतो त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पाच एकर कोरडवाहू जमीन असलेले एखादे घर घ्यावे. कापसाची एक वेचणी झाली आहे, दोन राहिल्या आहेत, आणि तूर अजून उभी आहे. नवराबायकोने कोयता धरला तर मुकादमाची उचल फिटते, परंतु राहिलेली वेचणी मजुरीने करवून घ्यावी लागते. घरी राहावे तर कापूस व तूर आपल्या हातांनी घरात येते, पण पुढे माघ-फाल्गुनात हाताला काम नसते. अशा वेळी काय सोडावे आणि काय धरावे?

विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या विभागात नेमका हाच प्रश्न शिकविला जातो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. या शाखेस सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र असे म्हणतात. देशाचे एकंदर उत्पन्न, चलनवाढ, परदेशी व्यापार हे मोठे विषय बाजूस ठेवून एक कुटुंब, एक शेत व एक बाजार यांचा विचार ती करते. परभणीच्या कृषि महाविद्यालयात (स्थापना १९५६, पुढे १९७२ साली तेथेच मराठवाड्याचे कृषि विद्यापीठ झाले) पदवीचा विद्यार्थी तिचे पहिले धडे घेतो. खताची पहिली गोणी जितके उत्पन्न वाढविते तितके दुसरी वाढवीत नाही, तिसरी त्याहूनही कमी. म्हणून वाढीव उत्पन्नाची किंमत वाढीव खर्चाइतकी होईल तेथे थांबावे, हा नियम तो फळ्यावरील वक्ररेषेवरून शिकतो. शेतकऱ्यास हा नियम ठाऊक असतोच. वक्ररेषा मात्र ठाऊक नसते, आणि तिच्यावाचून त्याचे काही अडतही नाही. खरा उपयोगाचा धडा त्यापुढचा आहे. एखादे काम केल्यामुळे दुसरे जे हुकले त्याची किंमत हाच त्या कामाचा खरा खर्च होय. यास ‘संधी खर्च’ म्हणतात. खिशातून पैसा गेला नाही म्हणून खर्च झाला नाही असे होत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन शेताच्या बांधावरूनच सुरू झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावातील घराघराचा जमाखर्च तपासून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. (ते गाव आज शहरात गडप झाले असून तेथे शेत शोधून काढावे लागेल.) जमिनीवर निभणारी घरे, बाहेरच्या मजुरीच्या आधाराने निभणारी घरे आणि दोन्ही मिळूनही न निभणारी घरे, अशी त्यांनी गावाची वाटणी केली. शंभर वर्षांनंतरही बालाघाटावरील कोणत्याही गावास ही वाटणी जशीच्या तशी लावता येते. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली. ती १९४० साली प्रसिद्ध झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र शासनाने निरनिराळ्या राज्यांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या करविल्या. मुंबई राज्यात त्यासाठी नाशिक व बीडच्या शेजारचा अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) हे जिल्हे निवडले होते. या पाहण्यांतून एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. घरच्या माणसांच्या श्रमाची बाजारभावाने मजुरी धरली, तर देशातील बरीचशी शेती तोट्यात निघे. आणि तरीही शेतकरी ती सोडीत नव्हता. शिवाय लहान शेताचे दर एकरी उत्पन्न मोठ्या शेताहून पुष्कळदा अधिक भरे. अमर्त्य सेन यांनी १९६२ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’ या साप्ताहिकात याची उकल मांडली. मजूर लावणारा शेतकरी दिवसाच्या मजुरीइतके तरी उत्पन्न वाढेल तोवरच मजूर लावतो. घरच्या माणसास बाहेर काम मिळण्याची खात्री नसते. म्हणून ते शेतात त्यापुढेही राबते. म्हणजे घरच्या श्रमाची किंमत बाजारातील मजुरीइतकी नेहमीच नसते.

यातील मर्म उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक एकर कापसास बी, खत, फवारणी, नांगरट व बाहेरचे मजूर मिळून १९,००० रुपये रोख खर्च आला. पाच क्विंटल कापूस ७,००० रुपये दराने विकून ३५,००० रुपये आले. शेतकरी म्हणतो, १६,००० रुपये सुटले. आता घरधन्याचे २५ दिवस ४०० रुपयांनी व घरधनिणीचे ३० दिवस ३०० रुपयांनी धरले, तर घरची मजुरी १९,००० रुपये होते. सोळा हजारांचा नफा जाऊन तीन हजारांचा तोटा उभा राहतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड ६,००० रुपये धरावा, म्हणजे तोटा नऊ हजारांवर जातो. पीक तेच, हिशेब तीन.

यातील खरा कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. हिशेब कोणत्या प्रश्नासाठी मांडला आहे हे आधी पाहिले पाहिजे. माघ महिन्यात गावात मजुरीच नसेल आणि कोयत्यावरही जावयाचे नसेल, तर त्या दिवशीच्या घरच्या श्रमाचा संधी खर्च जवळजवळ शून्य आहे. बांधबंदिस्तीस तोच दिवस योग्य. श्रावणात खुरपणीची मजुरी सर्वत्र चालू असताना तोच दिवस महाग असतो. आणि कोयता धरावयाचा की नाही हे ठरविताना उसाच्या टनामागील मजुरीतून राहिलेल्या वेचणीची मजुरी, हातची गेलेली तूर आणि मुलांची बुडणारी शाळा ही सर्व वजा घातली पाहिजेत. शाळेची किंमत रुपयांत मांडता येत नाही, म्हणून ती वजा होत नाही, हा या हिशेबातील सर्वांत महाग दोष होय.

सरकारकडे भाव मागावयाचा तेव्हा मात्र प्रश्न निराळा असतो. कृषि मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ल. दांतवाला हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. आयोगास लागणारे आकडे जमविण्यासाठी १९७०-७१ पासून पीक उत्पादन खर्चाची देशव्यापी योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठामार्फत चालते. निवडलेल्या गावांत शेतांच्या आकाराचे पाच वर्ग करून प्रत्येकातून दोन, अशी दहा खाती घेतात, आणि क्षेत्र-कर्मचारी वर्षभर त्यांच्या कामाची व खर्चाची नोंद ठेवतो. त्यावरून प्रत्यक्ष दिलेला खर्च (ए-१), त्यात दिलेला खंड मिळवून ए-२, आणि घरचा श्रम, स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज हे सर्व धरून सी-२, असे खर्चाचे थर काढले जातात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची जी घोषणा झाली ती ए-२ अधिक घरचा श्रम या खर्चावर आधारलेली होती. शेतकरी संघटनांची मागणी सी-२ वर दीडपट अशी आहे. हा वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही पक्षांच्या आकड्यांत घरचा श्रम आहे, हे ध्यानात ठेवावे.

आणि तोच आकडा सर्वांत कच्चा असतो. क्षेत्र-कर्मचाऱ्याने विचारले, “कोण कोण कामाला होते?” तर उत्तर येते, “घरचेच होते.” किती जण, किती तास, हे सांगण्याची गरज कोणास वाटत नाही. स्त्रियांच्या कामाचे तर विचारूच नये. पहाटेचे शेण-पाणी, दुपारची खुरपणी, सायंकाळी वेचलेल्या कापसाची निवड, एवढे होऊनही “बायको काय करते?” या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा “घरीच असते” असे मिळते. बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळे पहाटे तोडून रस्त्यावर विकणाऱ्या बाईचे दिवस कोणत्या पिकाच्या खर्चात धरावयाचे, हेही कोणी विचारीत नाही. जे नोंदले गेले नाही ते खर्चात येत नाही, व खर्चात न आलेल्याचा भाव मागता येत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने यासाठी प्रारंभी चार-पाच घरेच निवडावी. दोनशे पानी वही पुरे. तारीख, शेत व पीक, काम, काम करणाऱ्याचे नाव, तास आणि रोख अशी सहा घरे आखावी. नाव लिहिताना “घरचे” असे न लिहिता प्रत्येकाचे नाव लिहावे. नोंद रात्री जेवणानंतर करावी. आठवड्याची नोंद एकदम केली की ती अंदाजाची होते. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे सोपविल्यास नोंदी अधिक खऱ्या उतरतात, कारण आईने दिवसभर काय केले हे तिला ठाऊक असते. ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी येणारे महाविद्यालयाचे कृषिदूत व कृषिकन्या यांचीही यात मदत घ्यावी; त्यांना फळ्यावरील वक्ररेषेचा अर्थ येथेच कळेल.

सालगड्याचे साल गुढीपाडव्यास ठरते, म्हणून वहीही त्याच दिवशी उघडणे सोयीचे. गड्याचा त्या वर्षीचा ठरलेला मोबदला पहिल्या पानावर लिहून ठेवावा. घरच्या श्रमाचा आकार त्यावरूनच करण्याची जुनी रीत होती. आज ती पुरी पडत नाही, तरी तुलनेस तो आकडा हाताशी असावा. जे कुटुंब ऊसतोडीस जाणार असेल त्याने वही घरी न ठेवता बरोबर न्यावी, आणि उसाच्या प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती त्या दिवशीच्या पानास चिकटवावी.