डोंगर, धान्य आणि दारूगोळा : इथिओपियाच्या लष्करी इतिहासाचे एक आकलन



ज्या इतिहासशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते सनावळी सांगण्यापूर्वी फळ्याशेजारी नकाशा टांगीत असत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. आज त्यांचीच ती रीत पाळावी, असे मी ठरविले आहे. मी भाषेचा अध्यापक; युद्धशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दामुळे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपल्या जुन्या कागदपत्रांत 'हबसाण' म्हटलेले आढळते. 'हबशी' आणि 'हबसाण' या दोन्ही शब्दांचे मूळ 'हबश' या अरबी देशनामात आहे. हबश म्हणजेच ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. निजामशाही सावरणारा, १६१० मध्ये खडकी वसविणारा आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही फौजांचा पराभव करणारा मलिक अंबर हा त्याच भूमीतून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता. जो देश आपल्या भाषेत इतक्या खोलवर येऊन बसला आहे, त्याच्या इतिहासाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

या इतिहासाविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ सारे आफ्रिका खंड युरोपीय सत्तांनी वाटून घेतले, तेव्हा हा एक देश स्वतंत्र कसा राहिला? 'शौर्यामुळे' हे उत्तर सोपे आहे. पण ते अपुरे आहे. शूर माणसे तर इतरत्रही होतीच. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर डोंगर, धान्य, दारूगोळा आणि या तिन्हींना बांधणारी एकजूट यांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते.

प्रथम डोंगर. इथिओपियाचा गाभा म्हणजे एक उंच पठार. नील नदीच्या उपनद्यांनी ते खोल दऱ्यांनी चिरले आहे आणि पूर्वेला ते एकदम तप्त वाळवंटात उतरते. ज्यांचे माथे सपाट आणि कडे तुटलेले आहेत, अशा डोंगरांना तेथे 'अंबा' म्हणतात. आपल्या सह्याद्रीतील गडांची आठवण व्हावी, असेच त्यांचे रूप आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की मोहिमा थांबतात. असा मुलूख परक्याला अडवितो, हे उघडच आहे. पण तो स्वकीयांनाही एकमेकांपासून तोडतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या दरीमुळे शत्रू थबकतो, त्याच दरीपलीकडचा सरदार राजाला जुमानीत नाही.

प्राचीन अक्सुमचे राज्य केवळ डोंगरावर विसंबून नव्हते. तांबड्या समुद्रावरचे अदुलिस बंदर त्याच्या हाती होते. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या एझाना राजाच्या विजयांचे शिलालेख उपलब्ध आहेत. सहाव्या शतकात, ५२५ च्या सुमारास, कालेब राजाने समुद्रापार सैन्य नेऊन दक्षिण अरबस्तानातील हिम्यर राज्य जिंकले. पुढे समुद्रावरची सत्ता सुटली आणि राज्य पठारावर आक्रसले. समुद्राचा हा वियोग पुढील साऱ्या इतिहासात जाणवत राहतो, कारण दारूगोळा समुद्रमार्गेच येणार होता.

त्याचा प्रत्यय सोळाव्या शतकात आला. पूर्वेकडील अदल सल्तनतीचा सेनानी अहमद इब्न इब्राहिम याने १५२९ मध्ये शिम्ब्रा कुरे येथे सम्राट लेब्ना डेंगेलचा पराभव केला आणि पुढील बारा-चौदा वर्षांत बहुतेक पठार तुडविले. तुर्कांकडून मिळालेल्या बंदुका हे त्याचे एक मोठे बळ होते. या संकटात सम्राटाच्या पक्षाला जी मदत मिळाली, ती आपल्या गोव्याहून निघालेली होती. १५४१ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराचे आरमार तांबड्या समुद्रात शिरले आणि त्याचा भाऊ, वास्को द गामाचा पुत्र क्रिस्तोव्हाव द गामा, सुमारे ४०० बंदूकधाऱ्यांसह मसावाला उतरला. १५४२ मध्ये तो पकडला जाऊन मारला गेला. मात्र त्या विजयानंतर अहमदने आपल्या तुर्की बंदूकधाऱ्यांपैकी बहुतेकांना परत पाठविले. उरलेले पोर्तुगीज आणि नवा सम्राट गलावदेवोस यांनी २१ फेब्रुवारी १५४३ रोजी ताना सरोवराच्या पूर्वेला त्याला गाठले. त्या लढाईत अहमद पडला आणि त्याची सेना विखुरली. बंदुका कोणाकडे किती आणि किती काळ राहतात, यावर साम्राज्याचे भवितव्य ठरू लागले होते.

आता धान्य. सम्राटाची फौज पगारी नव्हती. सैनिकाला जमिनीच्या उत्पन्नावर हक्क मिळे आणि मोहिमेत तो वाटेवरच्या शेतकऱ्याच्या कणगीवर जगे. मोठी फौज एका जागी फार दिवस थांबली की ती आपल्याच प्रजेला खाऊ लागे. १७६९ ते १८५५ हा कालखंड तेथे 'राजपुत्रांचे युग' म्हणून ओळखला जातो. त्या काळात सरदार एकमेकांशी लढत राहिले आणि शेतकरी भरडला गेला. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने हे ओळखले होते. लुटीऐवजी पगारावर सेना उभारण्याचा त्याने प्रयत्न केला आणि युरोपीय कारागिरांकडून देशातच तोफा ओतविल्या. पण पगाराला लागणारा महसूल जमेना. त्याची फौज पुन्हा लुटीवर आली आणि प्रांतामागून प्रांत फितूर झाले.

त्याने ब्रिटिश वकिलाला कैदेत टाकले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेली मोहीम मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापती रॉबर्ट नेपिअर याच्या नेतृत्वाखाली मुंबईहून निघाली. तोफा वाहण्यासाठी हिंदुस्थानातून ४४ हत्ती नेले होते. एप्रिल १८६८ मध्ये आरोगेच्या लढाईत तेवोद्रोसचे सुमारे ७०० लोक पडले. ब्रिटिश बाजूची हानी नगण्य होती. तीन दिवसांनी मग्दालाचा किल्ला पडला आणि सम्राटाने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. तोच डोंगर, तेच शूर लोक. पण या वेळी परकी सेना निर्वेध आत आली, कारण वाटेवरच्या तिग्रेच्या अधिपतीने तिला वाट दिली होती. एकजूट नसेल तर डोंगर कोणाचेही रक्षण करीत नाही.

मेनेलिक दुसरा याने या साऱ्यातून धडा घेतला. २ मे १८८९ च्या वुचाले तहात इटलीने शब्दांचा डाव केला. परराष्ट्रव्यवहारात सम्राट इटलीची मदत 'घेऊ शकेल', असे अम्हारिक प्रतीत होते. इटालियन प्रतीत तीच गोष्ट बंधनकारक ठरली होती. एका क्रियापदाने देश मांडलिक होतो, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. मेनेलिकने तह नाकारला आणि फ्रान्स, रशिया, एवढेच नव्हे तर खुद्द इटलीकडूनही मिळविलेल्या बंदुका साठविल्या. १८९५ मध्ये शेवा, गोज्जम, वोल्लो, हरार आणि तिग्रे येथील सरदार एका निशाणाखाली आले. मेकेलेच्या वेढ्यात सम्राज्ञी तायतू हिने शत्रूचे पाणी तोडले.

१ मार्च १८९६ रोजी अदवा येथे जे घडले, त्याचा उलगडा धान्यानेच होतो. मेनेलिकच्या सुमारे एक लाख लोकांचा शिधा संपत आला होता. आणखी काही दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली असती. पण रोमहून आलेल्या टोचण्यांनी इटालियन सेनापती बारातिएरी अधीर झाला. सुमारे १७,००० लोकांसह तो रात्री निघाला. सदोष नकाशामुळे एक तुकडी फार पुढे गेली, बाकीच्या मागे राहिल्या आणि सकाळी प्रत्येकीला एकएकट्याने लढावे लागले. इटलीच्या बाजूचे सुमारे ६,००० लोक पडले. इथिओपियाचेही हजारो गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इटलीने इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य केले.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पकडलेल्या एरिट्रियन शिपायांपैकी शेकडोंचे हातपाय तोडण्यात आले. त्याच बंदुकांच्या बळावर मेनेलिकने दक्षिणेतील वोलायता, काफा आदी लोकांना जिंकून त्यांच्या शेतकऱ्यांवर आपले सैनिक लादले. आफ्रिकेचा स्वातंत्र्यवीर हा दक्षिणेच्या दृष्टीने जेता होता.

१९३५ मध्ये इटली पुन्हा आली, ती विमाने आणि विषारी वायू घेऊन. शस्त्रविक्रीवरील निर्बंध कागदोपत्री दोन्ही पक्षांवर होते. पण ज्याच्याकडे शस्त्रांचे कारखाने नव्हते, त्यालाच ते बाधले. ५ मे १९३६ रोजी राजधानी पडली. डोंगरात मात्र गनिमी लढा चालूच राहिला. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनचे कडे चढून जाणाऱ्या हिंदी सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. त्या पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, हे मी या सभागृहात वेगळे सांगायला नको. ५ मे १९४१ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, सम्राट हैले सेलासी राजधानीत परतला.

त्यानंतर १९७७-७८ चे सोमालियाशी ओगादेनसाठी झालेले युद्ध सोव्हिएत शस्त्रे आणि क्युबाचे सैनिक यांच्या साहाय्याने जिंकले गेले. १९९८ ते २००० या काळात, स्वतंत्र झालेल्या एरिट्रियाशी बडमेच्या सीमावादावरून हजारोंचे बळी गेले. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ पर्यंत तिग्रे प्रांतात यादवी पेटली. अक्सुम आणि अदवा दोन्ही त्याच प्रांतात आहेत. ज्या टेकड्यांवर १८९६ मध्ये सारे प्रांत एकत्र आले होते, तेथेच या वेळी एकाच देशाची माणसे एकमेकांसमोर उभी ठाकली आणि धान्य अडविणे हेही पुन्हा शस्त्र ठरले.

नकाशातला डोंगर बदलत नाही. त्याच्या आश्रयाने राहणारी माणसे एकमेकांना कणगीतले धान्य देतात की हिरावून घेतात, यावर त्याचा किल्ला होतो की कोंडवाडा, हे ठरते. सीमाभागात राहणाऱ्या आपणा सर्वांना हे समजावयास अवघड जाऊ नये. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो, ते शिक्षक नकाशा आधी टांगीत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.