खडेबाजारातली रील कोणाच्या बाजूची?

मोबाईलचा चव्हाटा : लेखांक ७

लग्नसराईत खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते. चंदगड, खानापूर, गडहिंग्लजकडची माणसं बस्ता बांधायला बेळगावात उतरतात. दुकानदारही आता नुसत्या पाटीवर विसंबून राहत नाहीत. बऱ्यापैकी फॉलोअर असलेल्या एखाद्या पोराला बोलावून रील करून घेतात. पोरगं मराठीत साड्यांचे भाव सांगतं, मधे दोन वाक्यं कन्नडमध्ये टाकतं आणि शेवटी कॅमेरा दुकानाच्या पाटीवर नेतं. वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली बारीक मराठी नि इंग्रजी. झालं, कमेंटी सुरू. विकला गेला, कानडीधार्जिणा, राष्ट्रीय पक्षाचा माणूस! तेच पोरगं वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची रील टाकतं तेव्हा दुसऱ्या बाजूची मंडळी येतात आणि त्याला महाराष्ट्र एकीकरण समितीचा ठरवून जातात.

आधी पाटीचं निस्तरू. कर्नाटकने २०२४ मध्ये कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासाच्या कायद्यात दुरुस्ती करून पाटीवरची किमान ६० टक्के जागा कन्नडला देणं बंधनकारक केलं. त्यामुळे अशी पाटी दिसली म्हणून दुकानदाराचं मन कळत नाही, मग तासभर येऊन गेलेल्या पोराचं कुठून कळणार? तरी माणूस ओळखायच्या आपल्या खुणा त्याच : पाटी, झेंडा, भाषा. "पोरगं चांगलं बोलतंय, खरं ते कोणाचं?" हा प्रश्न गणपत गल्लीत चहा पिता पिता कुणीही विचारतं. प्रश्नात गैर काही नाही. ज्याचं ऐकून आपण मत बनवतो त्याचा कल ठाऊक असायलाच हवा. घोटाळा होतो तो उत्तर काढायच्या रीतीत, आणि आजचा लेख तेवढ्यापुरताच आहे.

कल असणं हा दोष नाही, हे निदान बेळगावकरांना तरी सांगायला लागू नये. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' बेळगाव कोणत्या राज्यात असावं या सीमाप्रश्नावर कुठे उभा आहे हे वाचणाऱ्याला पक्कं माहीत असायचं. ते धरूनच तो अग्रलेख वाचायचा, पटेल तेवढं घ्यायचा. रीलला अग्रलेखाचं पान नाही, मालक-प्रकाशकाची ओळ नाही. म्हणून मग हाताला लागेल त्या खुणेवरून आपण माणसाला कुठल्यातरी पक्षात भरती करून टाकतो.

त्यात पुण्या-मुंबईची मोजपट्टी इथे आखूड पडते. तिकडे मोदींच्या बाजूचा की विरोधातला एवढं विचारलं की बहुतेकांचं भागतं. इथे सीमाप्रश्न ही एक बाजू, पक्ष ही दुसरी, आणि एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाचंच बघा. मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर तिथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. २ मार्चला भाजपचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते अनावरण झालं. तीन दिवसांनी, ५ मार्चला, काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या पुढाकाराने त्याच पुतळ्याचं पुन्हा अनावरण झालं. त्या आठवड्यात गडावरून रील टाकणारा भाजपचा, काँग्रेसचा, समितीचा किंवा यांतल्या कुणाचाच नसलेला साधा शिवभक्त, काहीही असू शकत होता.

मतदारही असाच पकडीत न येणारा आहे. एप्रिल २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मतं पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका पहिल्यांदा पक्षचिन्हांवर लढवली गेली आणि भाजपने बहुमत घेतलं. मतदारसंघ वेगळे, प्रश्न वेगळे, हे सगळं खरं. तरी सीमाप्रश्नाला समिती आणि दिल्लीला कमळ अशी सोयीची वाटणी केलेली घरं इथे गल्लोगल्ली आहेत, आणि रील करणारी पोरं याच घरांतली. निपाणीत तर तिसरीच बाजू निघते. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. आजही तंबाखूच्या भावावर बोलणारा निपाणीचा एखादा पोरगा भाषेच्या चौकटीत बसवायला गेलात तर बसणार नाही.

कल ठरवण्याआधी एक साधी चौकशी राहून जाते : खातं कोणाचं? नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, बेळगावच्या हद्दीत महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. १४ डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं आणि नंतर पत्रकारांना सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हे प्रकरण चिघळवलं. महाराष्ट्रातल्या विरोधकांना ते पटलं नाही. बोम्मईंच्या खात्यावर तर निळी खूण होती, असा त्यांचा सवाल होता. गंमत अशी, की नेमकं त्याच सुमारास ट्विटरने अमेरिकेत निळी खूण पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली होती. मुख्यमंत्र्याच्या खात्याबद्दल जिथे एवढा घोळ होतो, तिथे 'बेळगाव' किंवा 'सीमाभाग' शब्द लावून चालणारी, चालवणाऱ्याचं नाव नसलेली पानं आपण डोळे मिटून कोणत्या बाजूची ठरवतो?

आता पैसा. 'विकला गेला' हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आरोप, म्हणून त्यावर जरा नीट बोलू. सरकारं रील करणाऱ्यांना उघडउघड पैसे देतात. राजस्थानात २०२३ मध्ये काँग्रेस सरकारने तसं धोरण आणलं. उत्तर प्रदेशात २०२४ मध्ये भाजप सरकारने आणलं, आणि त्यात यूट्यूबसाठी महिन्याला ८ लाखांपर्यंतची तरतूद होती. म्हणजे ही चाल कुठल्या एका पक्षाची मक्तेदारी नाही. पण पैसे घेतले म्हणजे मत बदललं, असं दर वेळी होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आरोप ठेवला, की रशियाच्या सरकारी वाहिनीच्या माणसांनी टेनेसीतल्या एका कंपनीकडे जवळजवळ १ कोटी डॉलर वळवले आणि त्यातून नावाजलेले यूट्यूबर पोसले गेले. त्या यूट्यूबरांनी सांगितलं, की पैसा कुठून येतोय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते मूळचेच त्या विचाराचे होते; पैसा त्यांचा कल शोधत आला आणि त्याला मोठा कर्णा देऊन गेला. पैसा आणि कल या दोन गोष्टींची चौकशी म्हणून वेगवेगळी करायची. पहिलीत आपल्याला कायद्याची मदत फार कमी मिळते. पैसे घेऊन एखादी वस्तू मिरवली तर तसं स्पष्ट सांगायला हवं, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. निवडणुकीत पक्षाची जाहिरात आधी तपासून घ्यावी लागते. मात्र स्वतःच्या खात्यावर टाकलेला राजकीय मजकूर किंवा व्हिडिओ निवडणूक आयोग जाहिरात धरत नाही. या फटीतून काय काय जातं त्यावर एक वेगळा लेख लागेल.

मग कल ओळखायचा कसा? माझ्या मते सीमाभागाला यासाठी एक आयती सोय आहे, जी पुण्याला नाही आणि बंगळुरूलाही नाही. इथल्या माणसाला दोन सरकारं दिसतात. निपाणीतल्या थोरलीला गृहलक्ष्मीचे २,००० रुपये काँग्रेसचं सरकार देतं, कागलला दिलेल्या धाकटीला लाडक्या बहिणीचे १,५०० महायुतीचं सरकार देतं. कर्नाटकात बाईला बसचं तिकीट माफ, महाराष्ट्रात अर्धं. रील करणारा यांतल्या एकीला मायमाऊलीचा सन्मान म्हणतो आणि दुसरीला रेवडी, तर त्याचा पक्ष समजायला झेंडा बघायची गरज उरत नाही. दोन्हींना रेवडी म्हणणाऱ्याचं मत तुम्हाला खटकेल, खरं त्याने तराजू एकच ठेवला आहे. खड्डे, पूर, ऊसदर, पोलिसांचा लाठीमार, प्रत्येक गोष्टीची जोडी सीमेच्या अलीकडे-पलीकडे सापडते. एकाच तऱ्हेची करणी दोन बाजूंनी केली तेव्हा हा काय बोलला, एवढं बघायचं. आणि एका रीलवरून नाही, वर्षभराच्या रील चाळून.

भाषेच्या बाजूचा कल याहून अवघड. तिथे माणूस काय बोलला यापेक्षा काय गाळलं ते बघावं लागतं. महाजन आयोगावर मिनिटभराच्या रील दोन्हीकडून येतात. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्ये, केंद्राने न्या. मेहरचंद महाजन यांना नेमलं. मागणी महाराष्ट्राची होती. ऑगस्ट १९६७ च्या अहवालाने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवलं. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोटकडची धरून २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने तो फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. आता 'महाजन अहवाल अंतिम' म्हणणारा निपाणी-खानापूरचं नाव काढत नसेल, तर त्याने सोयीचं अर्धं उचललं. आणि 'आयोग आमच्यावर लादला' असं सांगणाऱ्या आपल्या माणसाने आयोगाची मागणी कोणी केली होती हे गाळलं असेल, तर त्यानेही तेच केलं. पहिली गाळणूक आपल्याला लगेच दिसते. दुसरी दिसायला फार वेळ लागतो.

का लागतो, यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला आहे. १९८२ मध्ये बैरूतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं. त्याच्या दूरदर्शनवरच्या बातम्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच. तरी दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. हा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली, दोन राज्यांमधली बससेवा कोलमडली. त्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सबुरीने घ्या असं सांगणाऱ्यांनाच दोन्हीकडून शिव्या पडल्या तर नवल नाही. त्यातून भर म्हणजे आपल्यापर्यंत येणाऱ्या रीलही निवडून आलेल्या असतात. ज्यावर आपण चिडून थांबतो तेच मोबाईल पुन्हा पुन्हा पुढे करतो. एखाद्याच्या शंभर रीलपैकी झोंबणाऱ्या तीनच आपण पाहिलेल्या असतात, आणि निकाल शंभरांवर देतो.

राहता राहिलं मौन. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे समितीचा काळा दिन. त्या दिवशी काहीच न टाकणाऱ्याला दोन्ही बाजू पळपुटा म्हणतात. मला हे मान्य नाही. काळ्या दिनाच्या फेरीत जाणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीच्या शोधात असलेल्या पोराला ते परवडत नाही. कुणाचं गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं असतं. घरात आई कन्नड बोलणारी आणि वडील मराठी, असंही असतं. मौनावरून कल काढणं म्हणजे कोऱ्या कागदावर दुसऱ्याची सही करणं. हां, जो माणूस वर्षभर समोरच्या पक्षाच्या प्रत्येक घोटाळ्यावर तासाभरात रील टाकतो आणि एका ठरावीक पक्षाच्या घोटाळ्यालाच नेमका गावाला गेलेला असतो, त्याचं मौन मात्र मोजायला हरकत नाही.

एवढं करूनही कित्येकांच्या बाबतीत निकाल लागणार नाही. तेव्हा 'ठरत नाही' असंच म्हणावं. बेळगाव काही एवढं मोठं नाही. रील करणारी पोरं रामदेव गल्लीत, मारुती गल्लीत भेटतात. त्यांना थांबवून, गर्दी न जमवता, विचारता येतं : बाबा, ही रील तू मनाने केलीस की कोणी करायला सांगितली? बरेच जण सरळ सांगतात.

(पुढच्या लेखात : निवडणुकीच्या हंगामात एका रात्रीत उगवणारी, बिनचेहऱ्याची खाती.)