अर्धा वेळ पोलीस, अर्धा वेळ फुटबॉल!

दोस्तांनो, ‘खेळून का पोट भरणार आहे? आधी अभ्यास कर!’ हे वाक्य तुमच्या घरात कधी ना कधी ऐकू आलंच असेल. या भांडणात तुमची बाजू खरी की आईबाबांची? जर्मनीतल्या एका खेळाडूची गोष्ट ऐका, मग ठरवा.

त्याचं नाव फाबियान बोल. जन्म १९७९ चा. हा मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. हे काम मोठं कष्टाचं! पुढे धावा, मागे धावा, प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घ्या आणि आपल्या गड्याकडे द्या. टाळ्या मात्र बहुतेक वेळा गोल मारणाऱ्याला!

जर्मन फुटबॉल म्हणजे एक शिडीच आहे. सर्वांत वरची पायरी बुंडेसलिगा, तिच्यात १८ संघ. तिच्याखाली दुसरी बुंडेसलिगा, मग तिसरी पायरी. हंगाम संपला की तळाचे संघ खाली घसरतात, खालचे अव्वल संघ वर चढतात. बोल २००२ मध्ये हॅम्बुर्ग शहरातल्या सेंट पाउली क्लबमध्ये आला, तेव्हा क्लब गडगडत खाली चालला होता. २००३ मध्ये तो तिसऱ्या पायरीवर पोचला. तिजोरीतही खडखडाट! क्लब वाचवायला चाहत्यांनी टी-शर्ट विकत घेतले.

अशा संघात खेळणाऱ्याचं पुढे काय होणार? एक मोठी दुखापत झाली की खेळ खलास! पण बोलकडे दुसरा आधार होता. तो हॅम्बुर्गच्या पोलीस दलात गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी होता. त्याने ना नोकरी सोडली, ना फुटबॉल. अर्धा वेळ तपास, अर्धा वेळ सराव!

मग गंमत बघा. २००५-०६ च्या जर्मन कप स्पर्धेत तिसऱ्या पायरीवरच्या या संघाने हेर्था बर्लिन आणि वेर्डर ब्रेमेन या बड्या संघांना हरवून उपान्त्य फेरी गाठली. तिथे बायर्न म्युनिकने त्यांना ३-० असं रोखलं. २००७ मध्ये संघ एक पायरी चढला आणि २०१० मध्ये थेट बुंडेसलिगात! पहिलाच सामना फ्रायबुर्गशी. सेंट पाउली ०-१ असा मागे. शेवटची काही मिनिटं उरली असताना बरोबरीचा गोल केला तो एकतीस वर्षांच्या आपल्या पोलीसदादाने! सामना सेंट पाउलीने ३-१ असा जिंकला.

पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली घसरला. बोल जर्मनीच्या राष्ट्रीय संघात कधीच खेळला नाही. २०१४ मध्ये त्याने बूट उतरवले, तेव्हा ‘आता काय करू?’ हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

तेव्हा मित्रांनो, पुस्तक मिटून मैदानावर पळू नका. आणि आईबाबा, तुम्हीही वाचताय ना? मग परीक्षा जवळ आली म्हणून बूट माळ्यावर टाकू नका. दोन्ही करायचं तर टाइमपासला वेळ उरणार नाही, एवढं मात्र खरं! आहे तयारी?