ई-पीक पाहणी का करायची? धाराशिवच्या सोयाबीनचा धडा

‘स्मार्ट शेती’ म्हटलं की ड्रोन, सेन्सर आठवतात. मला मात्र आधी धाराशिवचं २०२०चं सोयाबीन आठवतं. ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत काढणीला आलेलं पीक गेलं. विमा होता, पण ७२ तासांत नुकसानीची सूचना दिली नाही म्हणून विमा कंपनीने भरपाई नाकारली. ज्या शिवारात पाऊस पडला की रेंज जाते, तिथं सूचना द्यायची कशी? २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी पंचनामे कामी आले.

म्हणून पुरावा आधीच तयार ठेवायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. आपल्या गटात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा. जीपीएसमुळे जागाही नोंदली जाते आणि पीक सातबाऱ्यावर चढतं.

पण लक्षात घ्या, ही नोंद पीक ‘होतं’ एवढंच सांगते. ते बुडालं, हे सांगायला नुकसानीचे फोटो वेगळे काढा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. माझं म्हणणं एवढंच, ॲप सोयीसाठी आहे. रेंज नव्हती म्हणून शेतकऱ्याचा हक्क बुडता कामा नये.