मुसाफिराच्या पिशवीतला शौक

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहताना आमची नजर माणसांआधी त्यांच्या पिशव्यांवर जाते. कापडवाल्याची खोडच ती! सामान कितीही कमी असो, त्यात एक वस्तू शौकाची असतेच. कुणाची अत्तराची कुपी, कुणाचा पानाचा डबा. कोकणातले खलाशी पिढ्यानपिढ्या बोटीवर गेले, ते लुंगी घेऊनच.

आमच्या मते सुती लुंगीसारखी चैन नाही. दोन मीटर कापड, वजन पाव किलोच्या आसपास. नेसा, पांघरा, अंग पुसा, वाळूवर अंथरा. पॉलिस्टर मिसळलेली लुंगी स्वस्त पडते, लवकर वाळते, हे कबूल. परंतु ती घाम नीट शोषत नाही आणि खाडीच्या दमट हवेत रात्री अंगाला चिकटते. गिऱ्हाइकाला हा फरक दुकानात दिसत नाही, म्हणून काहीजण मिश्र माल सुती म्हणून खपवतात.

व्यापारी बंधूंनो, काठाचा एक धागा गिऱ्हाइकासमोर जाळून दाखवा. निव्वळ सुताची राख बोटात भुरभुरते. मिश्र धाग्याला कडक मणी धरतो. ठोक बाजारात गाठ उचलण्यापूर्वीही हेच करा. गाठ एकदा दुकानात येऊन फुटली की परत घ्यायला कोणी तयार नसते.